आठ गाण्यांचं काम : प्रकल्प नोंदी, अमळनेर

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

आज संमेलनाचा शेवटचा दिवस. ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं आणि तीन दिवस अमळनेरच्या रस्त्यांवर पाहुणेच पाहुणे. आम्ही पाचही जण दुपारी श्रोत्यांत बसलो होतो. संध्याकाळी आमच्या सरावाच्या गोडाऊनवर आलो आणि ठरवून टाकलं : यंदा आठ गाणी करायची, नीट करायची. काय केलं ते लिहून ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

आधी कुठून आलो ते लिहितो. सुरुवात वरातीच्या बँडातून. मी कॅसिओवर, बेंजोवाले काका बेंजोवर. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत सिझन, भर सिझनात एका दिवसाला दोन सुपाऱ्या. २०१९ मध्ये गिटारवाला पुण्याहून परत आला. त्याच्या मोबाइलमध्ये जमैकाचं रेगे होतं, माली देशातलं वाळवंटातलं गिटार होतं. ताई फैजपूरकडची, भजनात वाढलेला आवाज. ढोलवाला दादा धडगावचा, इथे कामाला आला आणि आमच्यातलाच झाला.

पहिली चार वर्षं आम्ही एकच गोष्ट करत होतो. घरातलं एखादं अहिराणी गाणं घ्यायचं आणि त्याच्याखाली रेगेचा उलटा ठेका टाकायचा, म्हणजे सम सोडून मधल्या मात्रेवर गिटार तोडायचं. गणपतीत, गॅदरिंगला लोक नाचले. पण तेच रेकॉर्डिंग घरी शांतपणे ऐकलं की गाणं आणि ठेका एसटीत एका बाकावर बसलेल्या अनोळखी माणसांसारखे वाटतात. धक्का लागतो, बोलणं होत नाही. ते बदलायचं आहे.

२५ फेब्रुवारी २०२४, रविवार

काम : वाद्यांची यादी. कोणतं ठेवायचं, कोणतं काढायचं.

गिटारवाल्याचं म्हणणं, बेंजो काढू. वरातीचा आवाज येतो. काका काही बोलले नाहीत, फक्त बेंजोवरचं फडकं परत नीट झाकलं.

मी रात्री बसून शोधलं. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानचं. १९१२ मध्ये नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून ‘ताईशोगोतो’ नावाचं वाद्य केलं. तेच फिरत फिरत हिंदुस्थानात आलं, आपल्याकडे त्याला पिकअप लागला, भोंगा लागला आणि ते खान्देशच्या वरातीत पुढे चालायला लागलं. पेटी युरोपातून आली. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट पलटणीच्या बँडातून आले. ऑक्टापॅड जपानच्या रोलँडचा, १९८५ चा. म्हणजे ज्याला आम्ही ‘बाहेरचं’ म्हणून मोबाइलवर शोधत होतो त्यातलं अर्धं आमच्या टेम्पोवर आधीच चढलेलं होतं.

‘वर्ल्ड म्युझिक’ हे नावही फार जुनं नाही. १९८७ मध्ये लंडनच्या एका पबमध्ये छोट्या रेकॉर्ड कंपन्यांची माणसं बसली आणि त्यांनी ते नाव ठरवलं, कारण आफ्रिकेच्या, आशियाच्या रेकॉर्डी दुकानात कोणत्या कप्प्यात लावायच्या हे दुकानदाराला कळत नव्हतं. तो कप्पा दुकानाच्या सोयीचा. आमचं काम त्याच्यासाठी नाही.

बेंजो राहणार. गिटारवाल्याने स्वतःहून काकांना सांगितलं.

१० मे २०२४, शुक्रवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

गावाकडे मोठी मायकडे रेकॉर्डिंग. पारा ४३ च्या पुढे. झोक्याची गाणी दुपारी म्हणायची पद्धत, त्यामुळे वेळ बदलता येत नव्हती. पंखा बंद ठेवावा लागला, कारण त्याची घरघर माइकमध्ये येत होती. दारात घागर भरून ठेवलेली, आत आमरसाचा वास, अंगणातल्या निंबाला दोराचा झोका. माहेरी आलेल्या चार बहिणी आणि मोठी माय.

मी नेहमीसारखी तयारी केली होती. लॅपटॉपवर क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, लावला, मिनिटाला ९६ ठोक्यांच्या वेगाने. मोठी मायच्या कानात हेडफोन दिला. तिने दोन ओळी म्हटल्या, अडखळली. परत म्हटल्या, परत अडखळली. तिसऱ्यांदा हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

“ती टिकटिक बंद कर पहिले. माले दम लेवाले जागाच भेटत नही.”

मी म्हटलं, मोठी माय, क्लिक नसला तर बाकीचे कशावर वाजवतील?

“मन्हा मांगे येवा. मी तुमना मांगे येत नही.”

क्लिक बंद केला. मग तिने अकरा मिनिटं गाणं म्हटलं. मधे बहिणी ओळ उचलत होत्या, एक थांबली की दुसरी, झोका वर गेला की ओळ लांबत होती आणि खाली येताना शब्द पटापट पडत होते. माझं सगळं लक्ष मीटरच्या लाल दिव्यावर होतं. रेकॉर्डिंग संपल्यावर लक्षात आलं की झोक्याच्या दोराचा करकर आवाज प्रत्येक ओळीखाली आला आहे. काढायचा विचार केला होता. नाही काढणार.

१२ मे २०२४, रविवार

काम : आखाजीचं रेकॉर्डिंग मोजणं.

हेडफोन लावून हाताने एकेक ठोका मार्क केला. सुरुवातीला वेग ९२, शेवटी ११७. मधे चढत गेला तोही सरळ नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षरावर थांबा आहे आणि तो दर वेळी वेगळा, कधी एक मात्रा, कधी पावणेदोन. आम्ही आजवर काय करत होतो? ते थांबे कापत होतो. चारच्या चौकटीत बसावं म्हणून ओळीचा शेवट छाटायचा आणि पुढची ओळ लगेच जोडायची. बाई जिथे श्वास घेते, जिथे पुढची ओळ आठवते, जिथे दुसरी बाई ओळ उचलायला तयार होते, नेमकी तीच जागा आम्ही फेकून देत होतो.

गिटारवाल्याला ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मालीतल्या तुआरेग लोकांचं ‘तिनारिवेन’ मी पाच वर्षं ऐकतो, त्यांचं गिटार कधीच घाई करत नाही. एकच सुर धरून थांबतं, गाणारा येईपर्यंत. मी त्यांच्याकडून फक्त बोटं शिकलो, थांबणं शिकलो नाही.

२०१२ मध्ये ग्रॅमी मिळालेला हा वाळवंटातला बँड. सहारातल्या छावण्यांमध्ये, निर्वासित म्हणून राहताना त्यांनी गाणी केली. त्यांच्या गाण्यात टाळ्या आणि बायकांचा प्रतिसाद असतो, आणि आखाजीला झोक्याखाली बसलेल्या बायका तेच करत होत्या.

ठरलं : यापुढे आधी गाणारीचं रेकॉर्डिंग, एकटीचं, क्लिकशिवाय. बाकीच्यांनी नंतर तिच्या मागे वाजवायचं.

२३ जून २०२४, रविवार

पेरण्या. दोघे शेतात, काम बंद. लॅपटॉपची बॅटरी फुगली, बदलली.

११ ऑगस्ट २०२४, रविवार, कानबाई

नागपंचमीनंतरचा रविवार, आमच्याकडे कानबाई देवीचा सण. रात्रभर जागर. चौरंगावर नारळाची कानबाई, नथ, डोरलं, हिरवी साडी. रोटाचा प्रसाद भाऊबंदकीतच खायचा असतो, म्हणून आमच्यातल्या तिघांना बाहेरच्या ओट्यावर बसवून वेगळं जेवण दिलं. ढोलवाला दादा म्हणाला, आमच्याकडेही काही गोष्टी घरातल्यांच्याच असतात. कोणाला वाईट वाटलं नाही.

रेकॉर्डर लावला, पण फक्त अंगणात. देवघरात लावायला मोठी मायने नको म्हटलं.

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार

सकाळी विसर्जन. बायका कानबाई डोक्यावर घेऊन नदीकडे, पुढे बँड. आमचाच जुना बँड, काका त्यांच्यात वाजवायला गेले. एक गोष्ट पाहिली आणि ती या वर्षातली मोठी गोष्ट आहे. बायका गात नाचत थांबल्या की बँडही थांबत होता. एक म्हातारी अंगात आल्यासारखी फिरायला लागली, तर काका बेंजोवर एकच कळ धरून बसले, पाऊण मिनिट, तिने पाय टेकेपर्यंत. कोणी सांगितलं नाही, खूण केली नाही. चाळीस वर्षं वरातीत वाजवणाऱ्या माणसाला हे हातातच असतं.

आणि आम्ही फेब्रुवारीत हेच वाद्य काढायला निघालो होतो.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार, कोजागिरी

मुलींच्या गुलाबाई सणाचा शेवटचा दिवस. ताईने तिच्या माहेरची गुलाबाईची गाणी आणली, रावेर-यावलकडची. इथे भाषेचा प्रश्न आला.

आम्ही सगळ्या खान्देशी बोलीला सरसकट अहिराणी म्हणतो. ताई म्हणाली, मी अहिराणी बोलत नाही, आमची लेवा गणबोली. बहिणाबाई चौधरींची भाषा तीच, आसोद्याची. आणि तुम्ही मला इतकी वर्षं ‘शे’ आणि ‘ऱ्हायना’ म्हणायला लावताय. तिचं बरोबर आहे. तिच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये उच्चार कुठे कुठे लटका वाटतो, तो गळ्याचा दोष नव्हता, परकी बोली तोंडात होती म्हणून तसं व्हायचं.

निर्णय : आठपैकी तीन गाणी लेवा गणबोलीत, ताई गाणार. तीन अहिराणीत, मोठी माय आणि बहिणी. एक पावरा आदिवासींच्या पावरी भाषेत, ढोलवाल्या दादाच्या घरचं. एक फक्त वाद्यांचं. बोलीचं नाव प्रत्येक गाण्यापुढे लिहायचं.

१५ डिसेंबर २०२४, रविवार, सारंगखेडा

काल दत्तजयंती, यात्रा सुरू. घोडेबाजार पाहिला, तापीच्या पुलावर चहा घेतला. तिथून नवापूरकडे, पावरी नावाचं फुंकायचं वाद्य वाजवणाऱ्या बाबांना भेटायला. कोकणा समाजातले, सत्तरीच्या पुढचे. जानेवारीत अमळनेरला येतो म्हणाले. मानधनाचा आकडा आधीच ठरवला आणि अर्धे पैसे आजच दिले.

१२ जानेवारी २०२५, रविवार

काम : पावरीचं रेकॉर्डिंग. गोडाऊन सध्या कापसाने छतापर्यंत भरलेलं, कारण भाव नाही म्हणून मालकाने माल विकलेला नाही. आमच्यासाठी हे वरदान. कापूस आवाज पिऊन टाकतो. टाळी वाजवली तर जागच्या जागी विरते. स्टुडिओत यासाठी लोक हजारो रुपयांचा फोम लावतात. पण हे टिकणारं नाही. माल गेला की पत्र्याचा घुमारा परत येणार, म्हणून कोरड्या आवाजाची सगळी रेकॉर्डिंगं आत्ताच उरकायची.

पावरी जवळून पाहिली. वाळलेला दुधी, त्यात मेणाने बसवलेल्या दोन नळ्या, पुढे कर्णा. मेणाचा काळपट थर बाबांनी अंगठ्याने दाबून दाबून सारखा केला, मग ओठ लावला आणि वीस मिनिटं श्वास तोडला नाही. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलताना नाकाने आत घ्यायची. इटलीच्या सार्डिनिया बेटावरचं लाउनेद्दास आणि ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचं डिजेरिडू याच श्वासाने वाजतं. गिटारवाल्याला हे माहीत होतं, पण समोर पाहिल्यावर तो खाली बसून बाबांच्या गालांकडेच बघत राहिला.

मग अडचण. पावरीचा सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी, ट्यूनरवर पांढरी दोनच्या ४० सेंट वर. शंभर सेंटचा एक अर्धस्वर, म्हणजे हा कोणत्याच पट्टीवर नाही. कॅसिओची पट्टी सरकवून सा मिळवला. पण तिचा गंधार कोमलही नाही, शुद्धही नाही, दोघांच्या मधे. ते सरकवून जमत नाही. बाबांना विचारलं, नळीचं भोक थोडं मोठं केलं तर? ते म्हणाले, दुधी माझा नाही, शेतात आला तसा आला. सूर त्याचा.

तासभर खटपट केली. शेवटी सगळे सूर पावरीला लावले. गिटारच्या तारा वर चढवल्या, गंधार येतो तिथे बोटाने तार ओढून जागा शोधली. काकांनी बेंजोच्या तारा कानानेच लावल्या, पाच मिनिटांत. कॅसिओ मात्र त्या गंधाराला जुळत नव्हता. मी तो बंद केला आणि या गाण्यातून काढला. वीस वर्षांचं वाद्य बाजूला ठेवताना हात जड झाला, हे लिहून ठेवतो.

बाबांनी मला रिकामं बसलेलं पाहिलं. झोळीतून पितळी थाळ काढला. थाळाच्या मधोमध मेणाचा गोळा, त्यात एक कोरडी काडी उभी. दोन्ही हातांची बोटं काडीवरून वरून खाली ओढत न्यायची, एक हात संपतो तिथे दुसरा सुरू. थाळ गुणगुणतो, भुंग्यासारखा, न तुटता. त्यांच्याकडे या थाळावर रात्रभर कथा सांगतात. माझा आवाज पहिल्या अर्ध्या तासात दोनदाच लागला.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

तिसऱ्या गाण्याचा खालचा ठोका जमत नव्हता. ऑक्टापॅडचा बास ड्रम ताईच्या आवाजावर चढत होता. पश्चिम आफ्रिकेत पाण्याने भरलेल्या भांड्यात अर्धा भोपळा उपडा टाकून वाजवतात. ढोलवाल्या दादाने घमेल्यात पाणी घेतलं, अर्धा दुधी उपडा सोडला आणि वरून लाकडी चमच्याने मारलं. पोटातून आल्यासारखा गोल, मऊ ठोका. पाणी किती यावर सूर बदलतो. घमेल्याच्या काठापासून चार बोटं खाली पाणी, ही खूण खडूने केली.

१४ मार्च २०२५, शुक्रवार

रात्रभर काठी गावात होतो, अक्कलकुवा तालुक्यात. राजवाडी होळी. डोंगरातून ढोल येत राहतात, प्रत्येक गावाचा वेगळा, अंगावर राख आणि ठिपके, कमरेला वाळलेले दुधी आणि घुंगरं बांधलेले नाचणारे. पहाटे होळी पेटली.

रेकॉर्डर पिशवीतून काढला नाही. दादाने आधीच विचारलं होतं, तू तिथे पाहायला येतोस की न्यायला? मी म्हटलं, पाहायला.

पण कानाने जे आणलं ते इथे लिहितो. एक ढोल ऐकला तर ठेका सोपा. वीस-पंचवीस ढोल एकत्र आले की प्रत्येक जण केसभर पुढे-मागे असतो आणि ठोका टोकदार राहत नाही, रुंद होतो, लाटेसारखा. आमच्या गाण्यात दादाचा एक ढोल रेकॉर्ड करून मी कॉम्प्युटरवर त्याच्या सहा नकला केल्या होत्या. त्या तंतोतंत सारख्या असल्याने तो एकच मोठा ढोल वाटत होता. परत आल्यावर नकला पुसल्या. रविवारी दादा सहा वेळा वेगवेगळं वाजवणार, दर वेळी उभं राहण्याची जागा बदलून.

१३ एप्रिल २०२५, रविवार

काल एका ठिकाणी कार्यक्रम होता. चार गाणी ठरली होती, दोनच झाली, हे चालतं. पण निवेदकाच्या कागदावर मोठी मायच्या गाण्यापुढे फक्त ‘पारंपरिक’ लिहिलेलं होतं. मी दोनदा नाव लिहून दिलं, तरी ते वाचलं गेलं नाही. ती दुसऱ्या रांगेत बसली होती.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. घरी येऊन मी दक्षिण आफ्रिकेच्या सोलोमन लिंडाबद्दल सगळ्यांना लिहून पाठवलं. १९३९ मध्ये त्याने ‘मबुबे’ हे गाणं रेकॉर्ड केलं आणि हक्क १० शिलिंगांना गेले. त्याच सुरावरचं इंग्रजी गाणं जगभर गाजलं, आणि तो १९६२ मध्ये गरिबीत वारला. कुटुंबाशी तडजोड झाली ती २००६ मध्ये. जगभरच्या सुरांवर वाढलेल्या आमच्यासारख्या बँडने ही गोष्ट विसरता कामा नये.

गाणं पिढ्यान्‌पिढ्यांचं असेल, त्यावर कोणाचा एकट्याचा हक्क नसेल. पण ते म्हणणाऱ्या बाईचा हक्क असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ आहे, कलावंताचा हक्क, ५० वर्षांचा. तिच्या परवानगीशिवाय तिचं गाणं रेकॉर्ड करता येत नाही, विकता येत नाही.

आज कागद केला, मराठीत, एका पानाचा. गाणारीचं नाव, गाव, बोली, मिळालेलं मानधन, पुढच्या उत्पन्नातला वाटा. आठही गाण्यांचे वाटे वाजवणारे आणि गाणारे यांच्यात सारखे. बाबांचा कागद मी स्वतः नवापूरला घेऊन जाणार, वाचून दाखवणार.

३० एप्रिल २०२५, बुधवार, आखाजी

कापूस मार्चमध्येच गेला. गोडाऊन रिकामं, पत्रा तापलेला, घुमारा परत आला. मोठी मायच्या गाण्याच्या शेवटी मी तो घुमारा मुद्दाम घेतला. ताई रिकाम्या गोडाऊनच्या टोकाला उभी राहिली आणि मोठी मायच्या शेवटच्या ओळीला दुरून ओ दिली, आपल्या बोलीत.

दुपारी गावाकडे गेलो. मोठी मायला ऐकवलं, यावेळी हेडफोन नाही, ओट्यावर छोटा स्पीकर ठेवून. बहिणी आल्या, शेजारच्या दोघी आल्या. झोक्याची करकर सुरू झाली तशी एक बहीण वळून निंबाकडे बघायला लागली. मग पावरी आली, खूप मागून.

“हाई कोन वाजी ऱ्हायना?”

नवापूरकडचे बाबा आहेत, म्हटलं.

“तो थांबस, मी गाऊ लागनू का.” म्हणजे, मी गायला लागले की तो थांबतो. मान डोलावली. गाणं संपलं. तिने परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना ती स्पीकरबरोबर म्हणायला लागली, आणि दर ओळीच्या शेवटी रेकॉर्डिंगपेक्षा वेगळीकडे थांबली.

कागदावर तिने सही केली, अक्षर जोडून जोडून, पूर्ण नाव. बहिणींच्या सह्या झाल्या. बाबांचा कागद राहिला आहे, रविवारी नवापूर. सातव्या गाण्यात थाळाचा आवाज दोन जागी तुटला आहे, तो मला परत वाजवायचा आहे.